सहावीच्या वर्गात वर्तनासाठी गुण-योजना सुरू करावी का, आणि करायची तर कशी?

वर्गशिक्षिका, सहावी ब

सर्वांना नमस्कार. पुण्यातील पेठांच्या भागातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका असून गणित आणि विज्ञान हे विषय शिकवते. पटावर 52 मुले आहेत. ही मुले उद्धट किंवा वाईट चालीची नाहीत, हे आधीच स्पष्ट करते. मारामारी, शिवीगाळ असे प्रकार क्वचितच होतात. माझी अडचण ठरावीक वेळांपुरती आहे. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर वर्गात येणे, डबे दप्तरात जाणे, वह्या बाहेर येणे आणि फळ्यावरची तारीख उतरवून होणे एवढ्यात 35 मिनिटांच्या तासातली दहा-बारा मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात कोणी कंपासपेटीचे झाकण उघडझाप करत असतो, कोणाला नेमकी तेव्हाच बाटली भरून आणायची असते, कोणाचे पेन मागच्या बाकावर गेलेले असते, आणि मी ‘शांत बसा’ असे जितक्या वेळा म्हणते तितका गोंगाट वाढतो. दुसरी अडचण अशी, की हात वर न करता उत्तर ओरडून सांगण्याची सवय काही मुलांना लागली आहे आणि त्यामुळे सावकाश विचार करणाऱ्या मुलामुलींना उत्तर पूर्णच करता येत नाही.

आमच्या मुख्याध्यापकांनी असे सुचवले आहे, की दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होताना पाचवी ते सातवीच्या सर्व तुकड्यांत वर्तनासाठी गुण देण्याची योजना सुरू करावी आणि तिचा आराखडा मी तयार करावा. शिक्षकखोलीत यावर बराच खल झाला. जे मुलांनी करायलाच हवे त्यासाठी बक्षीस देणे म्हणजे लाच देणे होय, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत आहे. शिक्षेची सर्व साधने काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हाती काहीतरी असायलाच हवे, असे दुसऱ्या एका बाईंचे म्हणणे आहे. मला दोन्ही बाजूंचे थोडेथोडे पटते आणि म्हणूनच आराखडा पुढे सरकत नाही.

गुण प्रत्येक मुलाला स्वतंत्र द्यावेत की रांगेला किंवा गटाला? चुकीच्या वागण्याबद्दल मिळालेले गुण कापावेत का? शाळेकडे यासाठी वेगळा निधी नाही आणि पालकांकडून वर्गणी काढण्याची माझी इच्छा नाही, तर बक्षीस म्हणून काय द्यावे? आणि मला सर्वांत जास्त भेडसावणारा प्रश्न म्हणजे, एकदा सुरू केलेली ही योजना बंद कशी करायची? काही सहकारी यासाठी मोबाइलवरील ॲप सुचवतात; ते कोणी वापरून पाहिले असल्यास त्याबद्दलही कृपया लिहावे.

निवृत्त मुख्याध्यापक, सहकारनगर

बाई, ‘मुलांना शिस्तच नाही’ असे सरसकट न म्हणता आपण दोन नेमक्या अडचणी सांगितल्या, हे फार चांगले केले. माझ्या पाहण्यातल्या ज्या गुण-योजना फसल्या त्यांतल्या बहुतेक ‘चांगले वागणे’ अशा मोघम गोष्टीला गुण देण्यामुळे फसल्या. चांगले वागणे म्हणजे काय हे शिक्षकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरू लागले, की मुले वाद घालतात आणि त्यांचा वाद रास्त असतो. ‘घंटेनंतर चार मिनिटांत वही, पुस्तक आणि पेन बाकावर असणे’ ही गोष्ट मात्र आपल्याला दिसते, मुलांना दिसते आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपाईमामांनाही दिसते. आपण दोनच नियम ठेवावेत, एक तयारीचा आणि एक हात वर करून बोलण्याचा. तिसरा नियम घालण्याचा मोह होईल तेव्हा आधीचे दोन अंगवळणी पडले आहेत का, हे तपासावे.

या विषयातला एक जुना प्रयोग आपल्या अडचणीशी फारच जुळतो. हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चौथीच्या 24 मुलांच्या वर्गात तो केला आणि 1969 साली प्रसिद्ध केला. त्यांनी वर्गाचे दोन संघ पाडले आणि कोणी परवानगीशिवाय जागेवरून उठले किंवा मध्येच बोलले, की त्या संघाच्या नावे फळ्यावर एक खूण करायची असे ठरवले. ज्याच्या खुणा कमी तो संघ जिंकणार. पण दोन्ही संघांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिल्या तर दोन्ही संघ जिंकणार, ही त्यातली मेख होती. जिंकणाऱ्यांना जेवणाच्या रांगेत आधी उभे राहता येई, तक्त्यावर नावापुढे तारा मिळे आणि दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ मिळे. यांतल्या कशालाच खर्च नव्हता. गोंधळ ठळकपणे कमी झाला. नंतर गणिताच्या तासाला हा खेळ मुद्दाम थांबवून पाहिला तेव्हा त्या तासाचा गोंधळ परत आला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. बंद कसे करायचे हा आपला प्रश्न म्हणूनच अगदी योग्य आहे. याच खेळाचा पुढे बाल्टिमोर शहरात 1985–86 च्या सुमारास पहिलीच्या मुलांवर मोठा अभ्यास झाला. ती मुले वीस वर्षांच्या आसपास पोहोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला आणि पहिलीत आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, ज्यांनी हा खेळ खेळला होता त्यांच्यात, व्यसनांचे प्रमाण पुढे कमी आढळले.

यातून मी दोन गोष्टी घेईन आणि एक सोडून देईन. गटाला गुण देणे घ्यावे, आणि स्पर्धा दुसऱ्या गटाशी न लावता ठरलेल्या मर्यादेशी लावणे घ्यावे, म्हणजे सगळेच गट एकाच दिवशी जिंकू शकतील. चुकांच्या खुणा करणे मात्र सोडावे आणि जमलेल्या गोष्टींच्या खुणा कराव्यात. गट रांगेप्रमाणे पाडू नयेत. आपल्याकडे अनेक वर्गांत मुलांच्या रांगा वेगळ्या आणि मुलींच्या वेगळ्या असतात, आणि तसे केल्यास पहिल्याच आठवड्यात मुले विरुद्ध मुली असा सामना सुरू होतो. शिवाय मागच्या रांगेत बसणारे ठरलेलेच असतात. सहा-सात जणांचे आठ मिश्र गट करून ते दर महिन्याला बदलावेत.

एकदा मिळालेला गुण कधीही कापू नये, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या तासाला ज्याची कमाई शून्यावर आली, त्याला उरलेल्या सहा तासांत नीट वागण्याचे कारणच उरत नाही. बक्षिसांचे म्हणाल तर परिपाठात बातम्या आणि सुविचार सादर करण्याचा मान, वाचनालयातून पुस्तक निवडण्याचा पहिला हक्क, विज्ञानाचा प्रयोग टेबलापाशी उभे राहून करून दाखवणे, शनिवारी मैदानावर खो-खोसाठी जादा वेळ, अशा गोष्टी सहावीच्या मुलांना पेन-पेन्सिलीपेक्षा जास्त हव्याशा वाटतात. गृहपाठ माफ करणे हे बक्षीस म्हणून चुकूनही ठेवू नये, कारण मग गृहपाठ ही सुटका करून घेण्याची गोष्ट आहे हे आपणच मुलांना सांगितल्यासारखे होते.

सातवीतल्या मुलाची आई, धायरी

मी शिक्षिका नाही, परंतु अशा योजनेच्या दुसऱ्या टोकाला आमचे घर असल्याने लिहिते. माझ्या मुलाच्या शाळेत गेल्या वर्षी वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाचा तक्ता लावलेला होता. चांगल्या वागण्याला हिरवी टिकली आणि वाईट वागण्याला लाल टिकली. तक्ता वर्गापुरता राहिला असता तर कदाचित मी काही म्हटले नसते, पण दर शनिवारी त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येत असे. माझा मुलगा चुळबुळ करणारा आहे, तोंडाळ आहे, आणि शिक्षकांना त्याचा त्रास होत असणार हे मला मान्य आहे. परंतु शनिवारी दुपारी बावीस लाल टिकल्यांसमोर त्याचे नाव चाळीस घरांत पोहोचत होते. त्याच्या रिक्षातल्या काकांनासुद्धा त्याचा आकडा माहीत होता, कारण रिक्षातली मुले तो मोठ्याने वाचून दाखवत. एका मुलीच्या आईने तिला त्याच्या शेजारी बसू नकोस असे सांगितले, हे मला त्या मुलीनेच निरागसपणे सांगितले. काही आठवड्यांनी टिकल्यांचा त्याच्यावर काहीच परिणाम होईनासा झाला. ‘मी लालवालाच आहे’ असे तो आम्हालाच समजावून सांगू लागला.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रासालाही मनाई आहे. त्या कायद्यात टिकल्यांचा उल्लेख नाही हे मला कळते आणि मी कोणाविरुद्ध तक्रार केलेलीही नाही. तरीही आराखडा लिहिताना बाईंनी तो शब्द डोळ्यांसमोर ठेवावा, अशी विनंती आहे. वैयक्तिक नोंद ठेवायचीच असेल तर ती शिक्षकाच्या वहीत असावी. भिंतीवर नको आणि पालकांच्या गटावर तर नकोच. तसेच हे गुण प्रगतिपुस्तकातल्या गुणांत कोणत्याही वाटेने शिरू नयेत. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प यांचे गुण असतात. त्यांत ‘शांत बसला’ म्हणून दोन गुण मिळवले किंवा वजा केले, तर मुलाला गणित किती येते हे आम्हाला कधीच कळणार नाही.

शालेय समुपदेशक, कर्वेनगर

वरच्या ताईंनी लिहिलेला प्रकार मी अनेक शाळांत पाहिला आहे. एखादे मूल लाल रकान्यात स्थिरावले, की तो रकाना त्याची वर्गातली ओळख होऊन बसतो आणि ती ओळख टिकवण्यासाठीसुद्धा ते मूल तसे वागू लागते. म्हणून सार्वजनिक वैयक्तिक तक्ता नको, यावर माझे दुमत नाही.

सरांच्या ‘गुण कधीही कापू नये’ या मताला मात्र एक पुरवणी जोडतो. मिळालेले गुण काढून घेण्याची पद्धतही परिणामकारक ठरू शकते, असे वर्तनशास्त्रातल्या अनेक अभ्यासांतून दिसले आहे. अतिचंचलता असलेल्या काही मुलांच्या बाबतीत ती वापरली जाते. परंतु तिथे व्यवहार एका मुलाचा आणि एका मोठ्या माणसाचा असतो, किती जाणार हे आधी ठरलेले असते, कमावण्याच्या संधी गमावण्याच्या संधींपेक्षा कितीतरी जास्त ठेवलेल्या असतात आणि हिशेब शून्याखाली जात नाही. बावन्न मुलांच्या वर्गात, फळ्यासमोर उभे राहून, आवाज चढलेला असताना हे सगळे पाळणे शक्य नाही. त्यामुळे आपल्या वर्गासाठी निष्कर्ष सरांचाच राहतो.

लाचेच्या आक्षेपाबद्दल थोडक्यात लिहितो. लाच ही नको ते काम करून घेण्यासाठी देतात. बाईंच्या सहकाऱ्यांना कदाचित वेगळेच म्हणायचे असावे, आणि ते महत्त्वाचे आहे: बक्षिसाची सवय लागली की मुलांना त्या कामाची गोडी उरत नाही. यावर 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. स्केचपेनने चित्रे काढायला ज्यांना मुळातच आवडते अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगून ते दिले, काहींना न सांगता शेवटी अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात स्केचपेन पुन्हा ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

या विषयावर पुढे मोठा वाद झाला. ज्युडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी 1994 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून बक्षिसांचा धोका फार वाढवून सांगितला जातो असे मांडले. त्यावर 1999 मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी 128 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन उलट निष्कर्ष काढला: आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी मुळातली आवड घटते. परंतु त्यांच्याही आढाव्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. जे काम मुळातच कंटाळवाणे आहे त्याच्या बाबतीत हा तोटा दिसत नाही, आणि कामाबद्दल शब्दांनी दिलेल्या कौतुकाने आवड घटत नाही, ती वाढते. फक्त ते कौतुक लगाम घालण्यासाठी केल्यासारखे वाटता कामा नये.

म्हणून बाई, रेषा इथे आखावी असे मी सुचवेन. दप्तरातून वही काढणे, तास बदलताना जागेवर असणे, वह्या पुढे सरकवणे या कामांची गोडी कोणालाच नसते, तिथे गुण द्यायला हरकत नाही. विज्ञानाच्या तासाला शंका विचारणे, गणित दुसऱ्या रीतीने सोडवून पाहणे, गोष्टीचे पुस्तक वाचणे यांना गुण अजिबात देऊ नयेत, मग मुख्याध्यापकांनी कितीही आग्रह धरला तरी. हात वर करण्याचा नियम या दोहोंच्या मधला आहे: हात वर केल्याबद्दल गुण द्यावा, उत्तर बरोबर आले म्हणून देऊ नये.

गुण देताना तोंडाने काय म्हणायचे हे आधी ठरवून घ्यावे. ‘शाबास, छान’ एवढ्याने मुलाला काय जमले ते कळत नाही. ‘तिसऱ्या गटाच्या सातही वह्या उघडलेल्या आहेत’ हे वाक्य कोरडे वाटते, पण त्याने शेजारचे दोन गटही वह्या उघडतात. खरे काम ते वाक्य करते आणि गुण त्याला जोड देतो. बंद करण्याच्या वेळी याचाच उपयोग होतो, कारण गुण विरळ करत नेले तरी वाक्य तसेच चालू ठेवता येते. सुरुवातीला रोज प्रत्येक तासाला मोजावे. वर्ग स्थिरावला, की सकाळी चिठ्ठी काढून आजचा कोणता तास मोजायचा हे आपण मनाशी ठरवावे आणि मुलांना ते शेवटीच सांगावे. त्यानंतर आठवड्यातले दोनच दिवस मोजावेत. एका सोमवारी अचानक ‘आजपासून गुण बंद’ असे जाहीर केले, तर कॅन्ससच्या गणिताच्या तासाला झाले तेच होईल.

महापालिका शाळेतील शिक्षिका, येरवडा

संशोधन वर आलेच आहे, म्हणून मी फक्त व्यवहाराचे लिहिते. आठ गटांचा हिशेब फळ्यावर ठेवणे एका बाईला जड जाते, विशेषतः तोच फळा पुढच्या तासाला दुसऱ्या सरांना हवा असतो तेव्हा. मी चिंचोके वापरते. पारदर्शक प्लास्टिकची एक बरणी टेबलावर असते, तिला बाहेरून रबर बँड लावलेला असतो, आणि अख्खा वर्ग वेळेत तयार झाला की मी मूठभर चिंचोके आत टाकते. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्यामुळे मला ओरडावे लागत नाही. बरणी रबर बँडपर्यंत भरली की ठरलेले बक्षीस मिळते. चिंचोके कोणाच्याही घरी मिळतात, हरवले तरी दुःख नसते, आणि महिन्याच्या शेवटी ते ओतून दहाचे गठ्ठे करून मोजण्यात माझा चौथीचा एक तास सत्कारणी लागतो. सहावीला मोजण्याची मौज वाटणार नाही, पण बरणी त्यांनाही चालेल असे वाटते. सुरुवातीला गट न पाडता पूर्ण वर्गाची एकच बरणी ठेवून पाहावी. तेवढ्याने भागले तर आठ गटांचा खटाटोप कशाला करायचा?

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: गुण देण्याचे काम मॉनिटरकडे सोपवू नये. बाई वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर आपण सर्वांनी लहानपणी पाहिलेला आहे. कोणाचे नाव पुसले जाते आणि कोणाच्या नावापुढे फुल्या वाढत जातात, हे डब्यातल्या पुरणपोळीवर ठरते. मुलाच्या हाती हा अधिकार दिला की योजना निष्पक्ष आहे यावर वर्गाचा विश्वास राहत नाही, आणि बिचाऱ्या मॉनिटरचे मित्रही तुटतात.

ॲपबद्दल विचारलेत म्हणून लिहिते. क्लासडोजोसारखी ॲप 2011 पासून उपलब्ध आहेत. त्यांत प्रत्येक मुलाचे चित्र असते, शिक्षकाने बोट लावले की गुण मिळतो किंवा जातो, आणि पालकांना ते त्यांच्या मोबाइलवर दिसते. मी एका सत्रात ते वापरून पाहिले आणि सोडले. पहिले कारण असे, की वर्गाकडे पाहण्याऐवजी मी मोबाइलकडे पाहू लागले. दुसरे असे, की माझ्या वर्गातल्या अनेक घरांत एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. ज्या पालकांकडे तो हाती असतो त्यांना मात्र दिवसभर मुलाच्या वागण्याची बातमी मिळत राहते, आणि मूल घरी पोहोचण्याआधीच बोलणी तयार असतात. शिवाय मुलांची नावे आणि त्यांच्या वागण्याचा इतिहास एखाद्या कंपनीच्या संगणकावर ठेवायचा, तर पालकांची लेखी संमती आधी घ्यायला हवी. चिंचोक्यांना संमती लागत नाही.

ज्या योजनेला एका तासात एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो, ती स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की बंद पडते. आराखडा डिसेंबरमध्येही चालेल का, असे स्वतःला विचारून मगच तो मुख्याध्यापकांना द्यावा.

वर्गशिक्षिका, सहावी ब

सर्वांचे मनापासून आभार. धायरीच्या ताईंचे लिखाण मी शिक्षकखोलीत वाचून दाखवले आणि भिंतीवरच्या तक्त्याचा विचार तिथेच मागे पडला. आराखडा आता असा झाला आहे: नियम दोनच, पहिल्या महिन्यात पूर्ण वर्गाची एक बरणी, गरज वाटली तरच पुढे मिश्र गट, टाकलेले चिंचोके परत काढायचे नाहीत, मोजणी फक्त शिक्षकाने करायची आणि बक्षिसे बिनखर्चाची. प्रगतिपुस्तकाशी याचा संबंध नाही, हे पालक सभेत सांगायचे. बरणी भरल्यावर काय मिळावे, यासाठी मुलांकडून चिठ्ठ्या मागवल्या तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी मैदान लिहिले, आणि एका मुलीने ‘एक दिवस खिडकीजवळ’ एवढेच लिहिले होते. ती सूचना मी यादीत घेतली आहे.

एक शंका राहते. माझ्या वर्गात एक मुलगा असा आहे, की पूर्ण वर्गाला एकत्र काही मिळणार असेल तर तो ते मुद्दाम बिघडवेल. सगळे तयार असताना त्याची वही दप्तरातच असते आणि सांगितले की तो हसतो. त्याच्यामुळे बरणी भरली नाही तर मधल्या सुट्टीत त्याचे काय होईल, याची मला काळजी वाटते.

शालेय समुपदेशक, कर्वेनगर

ही काळजी योग्यच आहे. सामूहिक बक्षिसाची ही सर्वांत दुखरी बाजू आहे. सरांनी सांगितलेल्या 1969 च्या प्रयोगातही संघाचे सतत नुकसान करणाऱ्या दोन मुलांना संघातून वेगळे काढावे लागले होते. आपण त्याला वर्गासमोर वेगळे काढू नये, परंतु त्याच्यामुळे इतरांचे अडणार नाही अशी सोय आधीच ठेवावी. बरणीसाठी ‘सर्व 52’ अशी अट न ठेवता ‘किमान 48’ अशी ठेवावी. वर्ग अडला नाही की त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाण्याचे कारणही उरत नाही.

त्याचबरोबर तो वही का काढत नाही, हे दोन-तीन दिवस नुसते पाहावे. तो हसतो म्हणून खोडी असेल असे नाही. तो फळ्यावरून उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत पाहतो का, डोळे बारीक करतो का, शब्द एकेक अक्षर करून लिहितो का, मागच्या पानांवरचे लेखन अर्धवट सुटलेले आहे का, हे तपासावे. वही उघडली की आपल्याला लिहिता येत नाही हे उघड होणार असेल, तर वही न उघडणे आणि हसण्यावारी नेणे हा सहावीतल्या मुलासाठी पुष्कळच सोपा मार्ग असतो. तसे असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत, वाचन-लेखनाची चाचणी घ्यावी आणि तारीख व शीर्षक लिहिलेला कागद त्याच्या बाकावर ठेवावा. चिंचोक्यांनी ती अडचण सुटणार नाही. आणि केवळ लक्ष वेधण्याचाच भाग निघाला, तर त्याच्याशी स्वतंत्र आणि खासगी करार करावा: वहीच्या आतल्या पानावर एक छोटे कार्ड, दिवसात तीन ठरलेल्या वेळा, आणि ते पूर्ण झाले की बरणीत त्याच्या हाताने टाकायला चार जादा चिंचोके. ते कशाबद्दल मिळाले, हे वर्गाला सांगण्याची गरज नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, सहकारनगर

बाई, आराखडा सुटसुटीत झाला आहे. तो मुख्याध्यापकांकडे देताना दोन वाक्ये लेखी घालून घ्यावीत. पहिले असे, की आपल्या वर्गावर येणारे सर्व विषयशिक्षक, आणि रजेवरील शिक्षकांच्या जागी ऑफ तासाला येणारेही, हेच दोन नियम आणि हीच बरणी वापरतील; तसे झाले नाही तर मुले केवळ आपल्याच तासाला तयार दिसतील. दुसरे असे, की अ, ब आणि क तुकड्यांच्या बरण्यांची तुलना केली जाणार नाही आणि पर्यवेक्षक त्यांचा साप्ताहिक तक्ता मागणार नाहीत. हा तक्ता मागितला जाणार, हे मी त्या खुर्चीत बसलेला असल्याने सांगतो. तो मागितला गेला, की शुक्रवारी दुपारी शिक्षकच मुठीमुठीने चिंचोके टाकू लागतात.